अर्ध्यावर थांबलेला आंकडा



गेल्या हिवाळ्यांतील क्रीडादिन तुमच्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. मैदानाच्या कडेस मोठा पडदा उभारून त्यावर चारहि दलांचे गुण दाखविण्याची व्यवस्था केली होती, आणि ते गुण मांडणारा प्रोग्राम नववींतील एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत स्वतः लिहिला होता. शेवटच्या शर्यतीपूर्वीं एका पालकांनीं मोबाइलवर त्या पडद्याचें छायाचित्र घेतलें. त्यांत निळ्या दलाचे ८१, तांबड्याचे ७८, हिरव्याचे ७७ व पिवळ्याचे ७६ गुण दिसत होते. म्हणजे बेरीज ३१२ व्हावयास पाहिजे होती. परंतु पडद्याच्या तळाशीं ‘एकूण ३०७’ असें लिहिलेलें होतें. ते पालक हिशेबांत पक्के असल्यामुळें पांच गुणांची तफावत त्यांच्या ध्यानांत तत्काळ आली. निळें दल तीन गुणांनीं पुढें होतें, आणि प्रोग्राम लिहिणारा मुलगाहि निळ्या दलाचाच होता. मग काय विचारतां! पांच गुण कोणीतरी मागाहून घुसडले, अशी कुजबुज मंडपभर पसरली.

खेद वाटतो तो याचा कीं, आम्हींहि त्या मुलास चारचौघांदेखत कठोर शब्दांत जाब विचारला. तो रडकुंडीस येऊन एवढेंच म्हणाला, “सर, मीं कांहीं केलें नाहीं. पुढच्याच खेपेस पडद्यावर बेरीज बरोबर आली होती.” संध्याकाळीं पंचांच्या कागदांशीं ताळा करून पाहिला, तेव्हां चारहि दलांचे गुण तंतोतंत जुळले. मुलगा निर्दोष होता. दोष होता तो प्रोग्रामच्या रचनेंत. आणि ती रचना करण्यास शिकवितांना ज्यांनीं सावध करावयास पाहिजे होतें, ते आम्हीच होतों. तो धडा त्या वेळीं शिकविला गेला नाहीं म्हणून आज येथें मांडीत आहों.

सिग्नल म्हणजे काय?

सी ही भाषा अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास युनिक्स नांवाच्या कार्यप्रणालीसाठीं घडविली. युनिक्समध्यें, आणि तिच्या वळणावर तयार झालेल्या लिनक्समध्यें, चालू असलेल्या प्रोग्रामला तातडीची सूचना देण्याची एक सोय आहे. तिलाच सिग्नल म्हणतात. कळफलकावर कंट्रोल व सी हीं बटणें एकत्र दाबलीं कीं ‘थांब’ असा सिग्नल जातो. ठरविलेली वेळ भरली कीं गजराचा सिग्नल येतो. यंत्र बंद करावयाचें असेल तर ‘आवरतें घे’ असा सिग्नल येतो. असा सिग्नल आला असतां काय करावें, हें सांगणारें एक लहानसें फंक्शन प्रोग्राम लिहिणारा नेमून ठेवूं शकतो. त्यास हँडलर असें नांव आहे.

आपल्या पनवेलच्या बाजारांत एखादा वाणी माप घेऊन तांदूळ मोजीत बसला आहे अशी कल्पना करा. सात मापें झालीं, आठवें हातांत आहे, इतक्यांत फोन वाजतो. तो माप खालीं ठेवतो, फोनवर बोलतो, आणि मग पुन्हां मोजूं लागतो. यांत दोन गोष्टी लक्षांत घ्या. पहिली, मोजणारा व फोनवर बोलणारा माणूस एकच आहे. दुसरी, वाण्याला निदान हातांतील माप ओतून मग फोन घेण्याची मुभा आहे. प्रोग्रामला तेवढीहि नाहीं. यंत्राच्या कोणत्याहि दोन सूक्ष्म आज्ञांच्या मध्यें त्यास थांबवून हँडलर चालविला जातो, आणि हँडलर संपल्यावर जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें पूर्वीचें काम पुढें सुरू होतें.

कामाच्या अशा एका सलग धाग्यास थ्रेड म्हणतात. दोन थ्रेड म्हणजे एका दुकानांत बसलेले दोन वाणी. एकाचें होईपर्यंत दुसरा थांबूं शकतो. परंतु थ्रेड आणि त्यास अडवून चाललेला हँडलर म्हणजे एकच वाणी दोन कामांत सांपडलेला. हा भेद ज्यास कळला त्यास या पाठाचा निम्मा भाग कळला.

चार संकटें

थ्रेड व हँडलर एकाच व्हेरिएबलला हात लावूं लागले कीं चार प्रकारचीं संकटें उद्भवतात.

पहिलें संकट अर्ध्या आंकड्याचें. शाळेच्या दाराशीं फळ्यावर उपस्थिती १९९ लिहिलेली आहे आणि शिपाई ती पुसून २०० करीत आहे. त्यानें पहिला आंकडा बदलून २ केला, आणि तेवढ्यांत कोणी फळा वाचला, तर त्यास २९९ दिसतील! असा आंकडा पूर्वींहि खरा नव्हता व पुढेंहि खरा होणार नाहीं. यंत्रांतहि असेंच घडतें. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांची संख्या दोन तुकड्यांत लिहावी लागते. ४,२९,४९,६७,२९५ मध्यें एक मिळविला असतां खालच्या तुकड्यांतील सर्व एकांचीं शून्यें होतात आणि वरच्या तुकड्यांत एक येतो. मधल्या क्षणीं हँडलरनें ती संख्या वाचली, तर कोणता तुकडा आधीं लिहिला गेला त्याप्रमाणें त्यास एक तर शून्य दिसेल, नाहीं तर ८,५८,९९,३४,५९१ दिसतील.

आंकडा एका घावांत लिहितां आला तरी ‘एक मिळवा’ ही क्रिया एका घावाची नसते. आंकडा उचलणें, त्यांत मिळविणें व परत ठेवणें अशा तिच्या तीन पायऱ्या असूं शकतात. थ्रेडनें ७ उचलले, तेवढ्यांत हँडलरनें ७ चे ८ केले, आणि मग थ्रेडनेंहि आपले ८ आणून ठेवले, तर दोनदां मिळवूनहि आंकडा एकनेंच वाढला. हँडलरचें काम निमूटपणें पुसलें गेलें.

दुसरें संकट अर्ध्या कामाचें. येथें प्रत्येक आंकडा पुरा असतो, पण आंकड्यांचा परस्परांशीं असलेला मेळ अपुरा असतो. आमच्या क्रीडादिनीं घडलें तें हेंच. प्रोग्राम प्रथम दलाच्या गुणांत भर घाली, मग ती नोंद पेन ड्राइव्हवर लिही, आणि शेवटीं एकूण बेरीज वाढवी. नोंद लिहिण्यास अंमळ वेळ लागे. दर पांच सेकंदांनीं गजराचा सिग्नल येई, आणि हँडलर पडदा नव्यानें रंगवी. निळ्या दलाचे ७६ चे ८१ झाले, नोंद लिहिली जात होती, बेरीज अद्याप ३०७ च होती, आणि नेमका त्याच क्षणीं गजर वाजला. पडद्यानें खोटें सांगितलें नाहीं. अर्धवट झालेलें काम जसें होतें तसें दाखविलें.

तिसरें संकट खासगी प्रतीचें. सी भाषेंतील मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारा कंपायलर काम लवकर व्हावें म्हणून काटकसर करितो. ‘थांब हें चिन्ह लागेपर्यंत फेऱ्या मारीत रहा’ असें आपण लिहिलें, आणि फेरीच्या आंत तें चिन्ह बदलणारें कांहीं त्यास दिसलें नाहीं, तर तो चिन्हाची एक प्रत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्यें घेऊन ठेवतो व पुढें तीच पाहत राहतो. हँडलर मूळ चिन्ह बदलतो, पण थ्रेड आपल्या प्रतीकडेच पाहत असल्यामुळें जन्मभर फेऱ्या मारीत बसतो. यांत फसवणूक अशी कीं, काटकसर बंद ठेवून केलेल्या चांचणींत हा दोष बहुधा दिसतच नाहीं. घरीं चाललेला प्रोग्राम परीक्षेच्या दिवशीं अडतो तो असा.

चौथें संकट स्वतःसच कुलूप लावून घेण्याचें. दोन थ्रेडांनीं एक वस्तु वापरावयाची असली तर कुलुपाची, म्हणजे म्यूटेक्सची, योजना असते. मग हँडलरसाठींहि तीच कां वापरूं नये, असा प्रश्न चलाख मुलें हटकून विचारतात. उत्तर वाण्याच्या दृष्टान्तांतच आहे. थ्रेडनें कुलूप घेतलें. मध्येंच सिग्नल आला. हँडलरहि त्याच कुलुपासाठीं थांबला. आतां कुलूप सोडणार कोण? ज्यानें सोडावयाचें तो थ्रेड हँडलर संपण्याची वाट पाहत आहे, आणि हँडलर कुलूप सुटण्याची. किल्ली स्वतःच्याच खिशांत ठेवून दाराबाहेर ‘कोणी उघडा हो’ म्हणून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ही स्थिति होय. कुलूप उघड दिसत नसलें तरी धोका टळत नाहीं. स्मृतींतील जागा मागणारें मॅलॉक, पडद्यावर अक्षरें लिहिणारें प्रिंटएफ यांसारखीं नित्याचीं फंक्शनें आंतल्या आंत कुलुपें व सामायिक वह्या बाळगतात. तीं अर्ध्यावर असतां हँडलरमधून त्यांनाच पुन्हां हांक मारली, तर प्रोग्राम गोठतो किंवा त्याच्या वह्या बिघडतात. आमच्या विद्यार्थ्याचा हँडलर प्रिंटएफनेंच पडदा रंगवीत होता, हाहि त्यांतील एक दोष होता.

उपाय

पहिला व सर्वांत मोठा उपाय म्हणजे हँडलरकडून थोडेंच काम घेणें. फोन आला असतां वाण्यानें दुकानांतला सगळा हिशेब फोनवरच करूं नये. पाटीवर ‘अमक्याचा निरोप आहे’ एवढीच खूण करावी, आणि हातांतलें मोजणें संपल्यावर पाटी पहावी. ही पाटी म्हणजे एक व्हेरिएबल. १९८९ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या सी भाषेच्या प्रमाण नियमांत अशा पाटीसाठीं ‘सिग-अ‍ॅटॉमिक-टी’ हा प्रकार नेमून दिलेला आहे. त्याचें एक वाचन किंवा एक लेखन मध्येंच तुटत नाहीं. त्याच्यामागें ‘व्होलाटाइल’ हा शब्द जोडावा लागतो, त्याचा अर्थ कंपायलरला एवढाच कीं, ‘ही वस्तु चंचल आहे, दर खेपेस मूळच पहा, प्रत बाळगूं नको.’ पहिला शब्द अर्ध्या आंकड्याचें संकट निवारतो, दुसरा खासगी प्रतीचें. एक घेऊन दुसरा सोडल्यास काम भागत नाहीं.

या पाटीच्या मर्यादाहि ओळखाव्या. तींत मोठी संख्या मावेलच अशी हमी नाहीं. चिन्हासहित संख्या असल्यास उणें १२७ पासून १२७ पर्यंत एवढीच खात्री नियम देतात. ‘एक मिळवा’ ही क्रिया तिच्यावरहि अखंड ठरत नाहीं. शिवाय व्होलाटाइल शब्दानें शेजारच्या साध्या व्हेरिएबलांचा क्रम राखला जात नाहीं: आधीं माहिती लिहून मग पाटीवर खूण केली, तरी कंपायलर तो क्रम बदलूं शकतो. म्हणून २०११ सालच्या नियमांत अ‍ॅटॉमिक प्रकार आणि ‘अ‍ॅटॉमिक सिग्नल फेन्स’ नांवाचें कुंपण यांची भर घालण्यांत आली. थ्रेड व त्याचाच हँडलर यांच्यामध्यें कंपायलरला रोखणारें हें कुंपण पुरें पडतें, कारण प्रोसेसर एका थ्रेडला त्याचीं स्वतःचीं कामें क्रमानेंच दाखवितो. परंतु दुसरा एखादा थ्रेड तीच पाटी वाचणार असेल, तर सिग-अ‍ॅटॉमिक-टी पुरत नाहीं. तेथें खरे अ‍ॅटॉमिक प्रकारच पाहिजेत. आणि हँडलरमध्यें ते वापरतांना ते कुलुपाविना चालणारे आहेत याची खात्री करून घ्यावी. नाहीं तर चौथें संकट मागील दारानें घरांत शिरेल.

दुसरा उपाय सिग्नलला कांहीं काळ दाराशीं थांबविणें हा होय. गुण वाढविण्यापूर्वीं सिग्नल अडवावा, दलाचे गुण व बेरीज दोन्ही पुरे करावे, आणि मग दार उघडावें. अनेक थ्रेडांच्या प्रोग्रामांत यासाठीं ‘पीथ्रेड सिगमास्क’ नांवाचें फंक्शन वापरतात. येथें एक खोंच आहे. दाराशीं थांबलेले एकाच प्रकारचे साधे सिग्नल मोजले जात नाहींत. पांच आले तरी दार उघडल्यावर एकच आंत येतो. म्हणून सिग्नलवरून कशाची मोजदाद करूं नये. तो ‘कांहीं तरी घडलें आहे’ एवढेंच सांगतो. ‘किती वेळां’ हें सांगत नाहीं.

तिसरा उपाय मोठ्या कामासाठीं. प्रोग्राम स्वतःसाठींच एक नळी, म्हणजे पाइप, तयार करितो. हँडलर तींत एक बाइट टाकतो, आणि मुख्य काम करणारा थ्रेड सवडीनें ती नळी वाचतो. नळींत लिहिणारें ‘राइट’ हें फंक्शन हँडलरमधून बोलावण्यास सुरक्षित म्हणून पॉझिक्सच्या यादींत नोंदलेलें आहे. मात्र ‘एर्रनो’ नांवाचा चुकीचा आंकडा त्यामुळें बदलूं शकतो. म्हणून हँडलरनें तो आरंभीं टिपून ठेवून शेवटीं पूर्ववत् करावा. पाहुण्यानें घरांतील वस्तु होती तेथेंच ठेवून जावी, तसें हें आहे.

चौथी रीत अशी कीं, सर्व थ्रेडांत सिग्नल अडवावा आणि ‘सिगवेट’ वापरून एकच थ्रेड त्याची वाट पाहण्यास बसवावा. मग कोणाचेंच काम मध्येंच तुटत नाहीं. वाट पाहणारा हा निराळाच वाणी असल्यामुळें त्यास साधें कुलूप वापरण्यासहि हरकत उरत नाहीं.

एका वगळलेल्या ओळीची किंमत

पालकांस वाटेल कीं, शाळेच्या गुणफलकावरील पांच गुणांसाठीं एवढा खटाटोप कशाला? म्हणून खऱ्या जगांतील एक उदाहरण देतों. दूरच्या संगणकांत सुरक्षितपणें शिरण्यासाठीं ओपन-एसएसएच नांवाचा प्रोग्राम जगभर वापरला जातो. आलेल्या माणसानें ठराविक वेळांत, सामान्यतः १२० सेकंदांत, आपली ओळख पटविली नाहीं, तर गजराचा सिग्नल येऊन हँडलर त्याची गांठ तोडतो. कांहीं आवृत्त्यांत हा हँडलर जातां जातां ‘सिसलॉग’ फंक्शनास बोलावून दप्तरांत नोंद करी. लिनक्सवर नेहमीं आढळणाऱ्या जीलिबसी या संग्रहांत सिसलॉग पुढें मॅलॉककडे जातें. मुख्य काम मॅलॉकमध्यें अर्ध्यावर असतांना गजर वाजला, तर स्मृतीची वही अर्धवट स्थितींत उघडी पडते. आणि कुशल चोर त्या फटींतून आंत शिरून परवलीच्या शब्दावांचून यंत्राचा धनी होऊं शकतो.

हा दोष १ जुलै २०२४ रोजीं क्वालिस या कंपनीनें जाहीर केला. तिचें एक मोठें कार्यालय आपल्या पुण्यासहि आहे. इंटरनेटवर उघडीं असलेलीं, धोका संभवतो अशीं यंत्रें १ कोटी ४० लाखांहून अधिक असल्याचें तिनें सांगितलें. ३२ बिटांच्या लिनक्सवर नेमका क्षण साधण्यास सरासरीनें सुमारें दहा हजार प्रयत्न लागत, आणि पुरता ताबा मिळविण्यास सहा ते आठ तास. ज्या फटीस आपण ‘निमिषमात्र’ म्हणून हंसण्यावारीं नेतों, तिच्यासाठीं चोर दहा हजार वेळां दार ठोठावण्यास तयार असतो!

याहून विचार करण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. हाच दोष २००६ सालीं एकदां सांपडून दुरुस्त झालेला होता. ऑक्टोबर २०२० मध्यें प्रोग्रामची मांडणी बदलतांना ती दुरुस्ती राखणारी एक अट नकळत वगळली गेली, आणि मार्च २०२१ मधील आवृत्तीबरोबर जुना दोष पुन्हां जगभर पसरला. याउलट ओपन-बीएसडी या कार्यप्रणालीच्या मंडळींनीं २००१ सालींच हँडलरमधून बोलावण्याजोगें निराळें नोंद-फंक्शन करून ठेवलें होतें. त्यांच्या यंत्रांस या दोषाची झळ लागली नाहीं. जी ओळ कां लिहिली आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, ती पुसण्यापूर्वीं विचारावें. आणि जी ओळ आपण मोठ्या कष्टानें शोधून लिहिली, तिच्याशेजारीं तिचें कारणहि लिहून ठेवावें.

शेवटीं

आमच्या विद्यार्थ्यानें आपला प्रोग्राम नंतर स्वतःच सुधारला. आतां त्याचा हँडलर पाटीवर एक खूण करितो आणि परत फिरतो. मुख्य थ्रेड दलाचे गुण, नोंद व बेरीज हीं तिन्हीं कामें पुरीं करून मगच पाटी पाहतो, खूण पुसतो आणि पडदा रंगवितो. खूण आधीं पुसावी व मग रंगवावें, नंतर नव्हे, हेंहि त्यास आपल्या विचारानेंच सुचलें. कारण रंगवीत असतां नवा गजर वाजला तर त्याची खूण शिल्लक राहते. ज्या पालकांनीं छायाचित्र घेतलें होतें त्यांना आम्हीं बोलावून हें सर्व दाखविलें. त्यांनीं ती बेरीज पुन्हां एकदां केली, मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यानें काम झालें.

त्या मुलाची क्षमा आम्हीं वर्गांत, सर्वांसमोर मागितली. कारण दोषहि सर्वांसमोरच ठेवला होता. आम्हींहि त्या दिवशीं हँडलरसारखेंच वागलों नव्हतों काय? अर्ध्यावर असलेलें काम पाहिलें, तेंच पुरें आहे असें समजलों, आणि त्यावरून निर्णय देऊन मोकळे झालों. पांच सेकंद थांबलों असतों तर बेरीज जुळली असती.

विचारार्थ प्रश्न

१. दोन थ्रेडांस कुलूप उपयोगी पडतें, मग थ्रेड व त्याचा हँडलर यांस कां पडत नाहीं? वाण्याच्या दृष्टान्तानें सांगा.

२. व्होलाटाइल शब्द गाळला असतां कोणतें संकट येईल? तो ठेवूनहि कोणतीं संकटें उरतील?

३. खूण आधीं पाहून थ्रेड झोंपीं जाणार, आणि या दोहोंच्या मध्येंच सिग्नल आला, तर काय होईल? तिसऱ्या उपायांतील नळीनें ही अडचण कशी दूर होते?

४. मंडपांतून किती माणसें गेलीं हें एका सिग्नलच्या आधारें मोजावें, असें तुमचा मित्र म्हणतो. त्यास काय उत्तर द्याल?